शेजाऱ्याला वीज विकायची म्हणे

आमच्या डिचोलीत आता बऱ्याच घरांवर सोलार दिसायला लागलंय, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे म्हटल्यावर ज्याला छप्पर आहे तो निदान कोटेशन तरी मागवतोच. आमच्याकडे पण आहे. दुपारी घरात कोणी नसतं, फ्रीज सोडला तर सगळी वीज लाइनीवर जाते, आणि लाइनीवर म्हणजे काय पणजीला नाही हो जात, जवळ जिथं लोड असेल तिथंच खपते, बहुतेक नाक्यावरच्या दुकानातल्या डीप फ्रीझरमध्ये. माझे युनिट नेट मीटरिंगमध्ये माझ्या बिलातून वळते होतात आणि त्या दुकानदाराला सरकारी वीज खातं कमर्शियल रेटनं बिल लावतं.

मग मीच त्याला डायरेक्ट विकली तर? याला पीअर टू पीअर ट्रेडिंग म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलीनमध्ये २०१६ साली शेजाऱ्याशेजाऱ्यांत असा पहिला व्यवहार झाला. आपल्याकडे लखनौला पॉवर लेजर या ऑस्ट्रेलियन कंपनीचा प्लॅटफॉर्म वापरून पायलट झालं, दिल्लीतही झालं. तारा त्याच, खांब तेच, फक्त दोघांकडे स्मार्ट मीटर पाहिजे आणि कुणी कुणाला किती युनिट दिले त्याचा हिशेब सॉफ्टवेअर ठेवतं.

ऐकायला मस्त, पण गोव्यात एक गंमत आहे. इथं घरगुती वीज इतर राज्यांच्या मानानं इतकी स्वस्त की शेजारच्या वयनी माझ्याकडून कशाला घेतील? उलट विचारतील, खात्यापेक्षा स्वस्त देतोस काय रे? म्हणजे घर टू घर धंदा इथं चालणारच नाही, असं माझं स्पष्ट मत. गिऱ्हाईक म्हणजे दुकान, गेस्ट हाऊस, बार, जे महागडा रेट भरतात ते. आणि नेमकं तिथंच खात्याच्या पोटात दुखणार, कारण त्यांच्याकडून जास्त घेतात म्हणूनच आपल्याला कमी रेटनं देणं परवडतं. मोठी गिऱ्हाईकं आपापसात घ्यायला लागली तर वयनीचं बिल वाढणार की नाही सांगा. तारांचं भाडं तर द्यावंच लागेल, फुकट कोण वापरू देतो.

आणि ज्यांना वाटतं की यामुळं लाइट जाणं थांबेल, त्यांनी जूनमध्ये बघावं. माडाचं चुडत तारेवर पडलं की फीडर, म्हणजे आपल्या भागाला वीज आणणारी लाइन, बंद, आणि ऊन कडक असलं तरी आपला सोलारचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो, कारण लायनमन खांबावर चढलेला असताना माझ्या छपरावरून तारेत करंट गेला तर त्याच्या जिवावर बेतेल. बॅटरी आणि वेगळा स्विच नसेल तर आपलाच पंखा फिरत नाही, विकणं लांबच.

तरी गल्लीतल्या एकाच ट्रान्सफॉर्मरवरची दहा घरं आणि चार दुकानं घेऊन खात्यानं प्रयोग करून बघायला हरकत नाही. रेट कितीही ठेवा, आमची गच्ची तयार आहे, फक्त स्मार्ट मीटर तेवढे आधी लावा.