रांगेत तीन सुरुंग कमी

कंबोडियाच्या यादवीत, 1985 च्या सुमारास, ख्मेर रूज या बंडखोर संघटनेच्या गनिमांची थायलंडमधून होणारी ये-जा तोडायला तिथलं सरकार आणि व्हिएतनामी फौज यांनी हद्दीवर सुरुंगांचा लांबलचक पट्टा घातला. त्याला के-फाइव्ह म्हणतात. त्यातलाच एक तुकडा आम्ही बटंबांग प्रांतात साफ करत होतो.

त्या सकाळी रांग सरळ लागली. दीड-दीड मीटरवर पीएमएन, म्हणजे पाय पडला की फुटणारे सुरुंग: वर काळं रबर, त्याला पत्र्याची पट्टी, आत 240 ग्रॅम टीएनटी. पत्र्यामुळे धातू शोधणाऱ्या डिटेक्टरवर तो खणखणीत वाजतो. सात मिळाले आणि पुढे सगळं गप्प. टोळीप्रमुख बाई म्हणाल्या, “बाँग, तीन जागा रिकाम्या आहेत.” (ख्मेर भाषेत बाँग म्हणजे थोरलं भावंड; इथे दादा.) चाचणीसाठी ठेवलेल्या धातूच्या तुकड्यावर डिटेक्टर पुन्हा धरला, ठीक होता.

मग सुरुंग गेले कुठे? गनीम शत्रूचेच सुरुंग उकरून आपल्या सोयीच्या जागी पुरत. खडकीला सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर दलात, रांग वाचायला शिकलो होतो. इथे पायवाट वाचावी लागते. जवळच ओढ्यात उतरणारी जुनी वाट होती. तिकडे मीटरभर रुंदीची लेन काढायला घेतली. आधी फीलरने, म्हणजे बारीक काडीने, सुरुंगाला जोडलेली आडवी तार चाचपायची, मग झुडूप कातरायचं, मग डिटेक्टर, आणि त्यानंतरच साफ झालेली हद्द दाखवणारी जमिनीवरची पट्टी पुढे सरकवायची.

माती लाल, आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखी. लोहामुळे डिटेक्टर उगाच बोंबलतो. तो त्या मातीशी जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर दिवसभर खोटे आवाज खणत बसा. दुपारच्या उन्हात संवेदनशीलता जरा कमी करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. चिनी टाइप 72 सुरुंग तिथेच निसटतो: 78 मिलिमीटर व्यास, 51 ग्रॅम टीएनटी, धातू नावापुरता.

उतारावर, पाय टेकतो नेमका तिथे, पहिला पीएमएन. काठावर चढताना जे मूळ धरावं लागतं, त्याच्या बुडाशी दुसरा. आणि तिथून दोन हातांवर डिटेक्टरचा बारीक आवाज. माती टोचायची सळई, प्रॉडर, तिरकी धरून बाजूने माती काढली, तर टाइप 72. पावसाच्या पाण्याने कलंडलेला. याचा ‘बी’ प्रकार बाहेरून हुबेहूब असाच दिसतो, पण जरा तिरका झाला की फुटतो. त्यामुळे हात न लावता, शेजारी स्फोटकाचा चार्ज ठेवून जागेवरच उडवला.

तिसरा पीएमएन संध्याकाळपर्यंत मिळाला नाही. लेनच्या तोंडाशी लाल खुंट्या ठोकल्या आणि पलीकडचा काठ दुसऱ्या दिवशीच्या कामात धरला.