टॅरो: आधी चित्र, मग अर्थ

टॅरो म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून प्रश्नांची उत्तरं शोधणं. ते शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच तासाला डेकसोबतची, म्हणजे पत्त्यांच्या संचासोबतची, अर्थांची पुस्तिका बाजूला ठेवायला लावली आणि एक पत्ता समोर टाकला. फाइव्ह ऑफ कप्स, म्हणजे पेल्यांचा पंजा. अर्थ सांगायचा नाही, फक्त दिसतंय ते बोलायचं. काळा झगा घातलेला माणूस. मान खाली. समोर तीन पेले सांडलेत. ‘अजून?’ मागे दोन पेले उभे आहेत. ‘अजून?’ नदी, तिच्यावर पूल, पलीकडे गढीसारखी इमारत. ‘दुःख, नुकसान’ हे शब्द एकदाही वापरावे लागले नाहीत.

अंतःप्रेरणेनं वाचायचं म्हणजे डोळे मिटून काहीतरी उमटायची वाट बघायची, असं बरेच जण धरून चालतात. माझी अंतःप्रेरणा मात्र बघण्यातूनच तयार झाली, हे मी ठामपणे सांगेन.

हे जमतं याचं मोठं श्रेय पामेला कोलमन स्मिथ यांना जातं. गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून त्यांनी ७८ पत्त्यांची चित्रं काढली आणि १९०९ मध्ये तो डेक लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. मेजर अर्कानाच्या, म्हणजे डेकमधल्या मुख्य २२ पत्त्यांवर आधीही माणसं असायची, पण आकड्यांच्या पत्त्यांवर बहुतेक डेकमध्ये नुसते पेले किंवा तलवारी मोजून मांडलेल्या. स्मिथ यांनी तिथे प्रसंग उभे केले. त्यांनी नाटकांसाठी नेपथ्यही केलं होतं, आणि ते मला त्या पत्त्यांत जाणवतं.

पुढे माणसांसाठी वाचायला लागले तेव्हा खरी गंमत कळली. एका मैत्रिणीनं नोकरी सोडण्याबद्दल विचारलं आणि तोच फाइव्ह ऑफ कप्स आला. माझी नजर थेट पुलावर गेली. घरातलं माणूस नुकतंच गेलेल्या एका काकांसाठी तोच पत्ता निघाला, तेव्हा मला त्या झग्याखालचे वाकलेले खांदेच दिसत राहिले. पूल आहे हे माहीत होतं, तरी त्या दिवशी त्याबद्दल बोलावंसं वाटलं नाही. नजर कुठे थांबते, तिथून वाचन सुरू होतं.

पण मनात आलेलं सगळंच अंतःप्रेरणा नसतं. भीतीही बोलते, इच्छाही बोलते, आणि स्वतःसाठी पत्ते काढताना तर त्या दोघीच जास्त बोलतात. बाईंनी एक नियम दिला होता: जे सांगशील त्यासाठी पत्त्यावर बोट ठेवता आलं पाहिजे. ‘तो तुला फसवतोय’ असं मनात आलं, तर चित्रात ते कुठे आहे? बोट ठेवायला जागा सापडली नाही, तर गप्प बसायचं. हा नियम मी आजही मोडत नाही.

दोन पत्ते शेजारी आले की कोण कुणाकडे बघतंय हे बघायला मला फार आवडतं. क्वीन ऑफ स्वोर्ड्स (तलवारींची राणी) उजवीकडे बघते, नाइट ऑफ स्वोर्ड्सचा घोडा डावीकडे उधळलेला. राणी डावीकडे आली तर दोघं समोरासमोर येतात. जागा बदलल्या की पाठीला पाठ. पत्ते तेच, संवाद वेगळा.

पुस्तकाकडे मी नंतर परत गेले आणि तेव्हा ते खूप उपयोगी पडलं. चारही रंगांचे पंजे ओळीनं मांडून पाहा. वाँड्समध्ये (काठ्या) झुंज, कप्समध्ये शोक, स्वोर्ड्समध्ये कडवट जीत, पेंटॅकल्समध्ये (नाणी) उजळलेल्या खिडकीखालून बर्फातून जाणारे दोघं गरीब. पाच आकड्याची अस्वस्थता पाठ करावी लागतच नाही.

सध्या जुन्या फ्रेंच पद्धतीचा मार्सेय डेक हातात घेतलाय. त्यात कप्सच्या पंजावर ना माणूस, ना पूल. नुसते पाच पेले आणि वेलबुट्टी. तिथे बोट ठेवायचं ते मधल्या पेल्यावर, रिकाम्या जागेवर, पानांच्या वळणावर. अजून सावकाश वाचते, पण नजर थांबायला लागली आहे.