कव्हर घालून देऊ का?

मनिलात आल्यावर पहिलं वर्षभर मी पुस्तकांच्या दुकानातून चिडूनच बाहेर पडायचे. मॉलमधल्या दुकानात बहुतेक पुस्तकं पातळ प्लॅस्टिकमध्ये सीलबंद ठेवलेली. मलपृष्ठ वाचा, किंमत बघा आणि ठरवा. अप्पा बळवंत चौकात उभ्या उभ्या अर्धं प्रकरण वाचून मग पाकीट काढणारी मी. पहिलं पान न वाचता पुस्तक घ्यायचं म्हणजे वास न घेता हापूसची पेटी उचलायची.

मग एका पावसाळ्यात लेकीसाठी चित्रांचं पुस्तक घेतलं. इथल्या मुलांच्या कितीतरी पुस्तकांत एकाच पानावर टागालोग आणि इंग्रजी असं दोन्ही असतं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मॅम, कव्हर पो?" ('पो' म्हणजे आपलं अहो-जाहो, एका अक्षरात.) मला वाटलं पिशवी विचारतेय, म्हणून हो म्हटलं. तिनं सील काढलं, जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या रोलमधून तुकडा कापला, पुस्तक त्यावर आडवं ठेवलं. पाठीच्या वर-खाली खाचा पाडल्या, कोपरे तिरके छाटले, कडा आत मुडपून चिकटपट्टी लावली. ती पट्टी प्लॅस्टिकलाच चिकटली, पुस्तकाला कुठेही लागली नाही. शेवटी दोनदा उघडमीट करून पाठीवर ताण येतोय का ते पाहिलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. मागे रांग होती. एकानेही घड्याळ पाहिलं नाही, कारण त्यांचीही पुस्तकं त्याच कामासाठी थांबलेली होती.

मला तिथेच बाबा आठवले. जूनचा पहिला रविवार, खाकी कागदाचा गठ्ठा, स्टीलची पट्टी, लेबलावर त्यांचं वळणदार अक्षर. पण आपली कव्हरं शाळेच्या पुस्तकांपुरती. घरातल्या कादंबरीला कोण कव्हर घालत होतं? इथे मोठी माणसं स्वतःच्या कादंबऱ्यांना घालतात. काहीजण घरी रोल आणून ठेवतात आणि रविवारी दुपारी बसून पुस्तकांना कव्हरं घालतात.

कारणं उघड आहेत. एक म्हणजे पाणी. वादळं, पूर, वर्षभर दमट हवा. टागालोगमध्ये 'बासा' म्हणजे वाचन, आणि तोच शब्द शेवटी झटका देऊन म्हटला की अर्थ होतो 'ओलं'. दुसरं कारण किंमत. 2024 मध्ये मनिलातली किमान मजुरी दिवसाला 645 पेसो झाली, आणि परदेशातून आलेली नवी कादंबरीही साधारण त्याच घरात. दिवसभराच्या घामाची वस्तू माणूस जपणारच. 2009 मध्ये इथल्या कस्टम्सनं आयात पुस्तकांवर कर लावायला सुरुवात केली, तेव्हा वाचकांनी असा गदारोळ केला की मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष आरोयो यांना तो मागे घ्यायला लावावा लागला. पुस्तकाच्या करावरून आपण इतके पेटलो असतो का, याचं उत्तर मला नीट देता येत नाही.

हे सगळं लिहायला बसले ते मागच्या आठवड्यातल्या गेट-टुगेदरमुळे. आपल्यातलेच एक काका म्हणाले, "ही माणसं वाचतात कुठे? पिसाच्या परीक्षेत शेवटचा नंबर यांचा." (पिसा म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या शाळकरी मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी.) खरं आहे, 2018 मध्ये वाचनात 79 देशांत फिलिपिन्स तळाला होता. मला राग आला. तो निकाल पंधरा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या शाळांचा आहे. आणि आपण? 2009 च्या फेरीत आपली दोन राज्यं उतरली, तीही तळाशीच राहिली आणि त्यानंतर आपण बसलोच नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

आमच्याकडे कामाला येणारी आते (इथे ताईला आते म्हणतात) दुपारी टागालोग पॉकेटबुक वाचत बसते. हातात मावणारी, स्वस्त प्रेमकथा. तिची वाचून झाली की सातव्या मजल्यावरची आते नेते, मग तिची बहीण. एका पुस्तकामागचे हे वाचक कुठल्या विक्रीच्या आकड्यात येणार? तिचा मुलगा मोबाइलवर वॉटपॅड या ॲपवरच्या गोष्टी वाचतो, तिथेही टागालोगच.

खुपतं ते वेगळंच. मोठ्या दुकानांत दर्शनी भागात इंग्रजी, आणि यांचं स्वतःचं साहित्य 'फिलिपिनियाना' नावाच्या वेगळ्या कपाटात. स्वतःच्या देशात स्वतःची भाषा एका कोपऱ्यात! आपल्याकडे दिवाळी अंकांची शंभराहून जास्त वर्षांची परंपरा आहे, गावोगावी वाचनालयं आहेत, याचा मला अभिमान आहे आणि मी तो इथे सगळ्यांना सांगत असते. माझी लेक मराठी अडखळत वाचते, हेही खरं. पण इथे मराठी पुस्तकं मिळत नाहीत आणि विमानाच्या वजनात आधी भाजणी आणि मसाले बसतात. आई रोज फोनवर तिला गोष्ट सांगते, ते काय कमी आहे?

मनिला महानगरातल्या मकातीत बालागतास रस्त्यावर हेर्नांदो ग्वानलाव यांनी 2000 साली घरासमोर पुस्तकं मांडली. सभासदत्व नाही, नोंद नाही, दंड नाही. न्या, परत आणा किंवा ठेवून घ्या. तिथे एकाही पुस्तकाला सील नाही. मी त्या फुटपाथवर पुस्तक उघडून उभ्या उभ्या बारा पानं वाचली.

परवा बाबांनी दिलेला कवितासंग्रह घेऊन मॉलमधल्या त्या दुकानात गेले. तुमच्या दुकानातून घेतलेला नाही, पैसे घ्या, पण कव्हर घालून द्या, म्हटलं. मुलीनं पुस्तक फिरवून पाहिलं. "मॅम, वरची बाजू कुठली पो?" मी बोटानं शिरोरेषा दाखवली. तिनं त्या रेषेवरून हळूच बोट फिरवलं, मग कात्री उचलली. खाचा पाडताना आत बाबांची सही दिसली. तिथे तिनं कडेची पट्टी अरुंद कापली, अक्षर झाकलं जाऊ नये म्हणून.