काका फोनवर होता म्हणून

मी १०८ च्या गाडीवर डॉक्टर आहे, पारोळा-अमळनेर पट्ट्यात ड्युटी असते. मे महिन्यातली दुपार, ऊन इतकं की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. कॉल आला, चार वर्षांचा मुलगा शेततळ्यात पडला, बाहेर काढलाय पण श्वास नाही. आम्ही वीस मिनिटं लांब. मेंदूला चार-पाच मिनिटं ऑक्सिजन मिळाला नाही की नुकसान सुरू होतं, त्यामुळे गाडी कितीही पळवली तरी उपयोग नाही हे मला निघतानाच कळत होतं.

म्हणून कॉल करणाऱ्यालाच फोन लावला, मुलाचा काका होता. मागे नुसता आरडाओरडा, कोणीतरी पोराला पाय धरून उलटं टांगलेलं, कोणी म्हणतंय पोट दाबा पाणी काढा, आणि एक जण गाडीला किक मारून गावात मिठाची गोणी आणायला निघालेला, बुडालेल्याला मिठात झाकलं की जिवंत होतो असा मेसेज त्याला व्हॉट्सअॅपवर आला होता. मी ओरडलोच, पोराला खाली ठेवा, पाठीवर झोपवा!

"डॉक्टर भाऊ, आते काय करू?" काका रडत होता.

म्हटलं स्पीकर चालू करा, हनुवटी जराशी वर, नाक चिमटीत, तोंडावर तोंड लावून हळू फुंका, छाती वर येते का बघा, असं पाच वेळा. मग छातीच्या मधोमध एका तळहाताने दाबा, जोरात, घाबरू नका, मी मोजतो तसं. एक दोन तीन... तीसला थांबा, दोन श्वास द्या, परत तीस. आमचे ड्रायव्हर दादा पण गाडी चालवता चालवता मोजायला लागले. पोट दाबलं की आतलं पाणी वर येऊन उलट फुफ्फुसात जातं, आणि टांगण्या-फिरवण्यात जी मिनिटं जातात ती श्वास द्यायची असतात, हे गावोगाव सांगून माझा घसा कोरडा पडलाय तरी सांगतो.

चौथ्या का पाचव्या फेरीला खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, मग उलटी, मी म्हटलं कुशीवर वळवा, आणि काका किंचाळला, "रडना! डॉक्टर, पोऱ्या रडना!"

पोहोचलो तेव्हा ओठ अजून निळसर होते, केसात शेवाळ, एकाच पायात चप्पल. ऑक्सिजन लावला. घरचे म्हणे आता बरा आहे, राहू द्या. नाही म्हणजे नाही, फुफ्फुसात पाणी गेलेलं असलं तर काही तासांनी परत दम लागतो. धुळ्याला नेलं, तिसऱ्या दिवशी घरी आला.

आई वीस पावलांवर ठिबकच्या नळ्या अंथरत होती. गाडीत सारखं एकच म्हणत होती, ओरडला असता तर मी पळाले असते ना. ताई, बुडणारं लेकरू ओरडत नाही हो, तोंड पाण्यावर जेमतेम येतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर ओरडणार कसं. तुमचा कान कमी पडला नाही.

निघायच्या आधी मी तळ्याच्या काठावर गेलो होतो. काळ्या प्लास्टिकवर शेवाळाचा बुळबुळीत थर, आणि त्यात चार बारीक बोटांच्या रेषा, वरून खाली पाण्यापर्यंत. त्या उतारावर पोहणारा मोठा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही, काकाने उडी मारली तेव्हा त्यालाही ठिबकची नळी टाकूनच ओढावं लागलं. दोर नाहीतर साडी टाकायची, मागोमाग उडी नाही, एकामागे दुसरा गेलेला मी बघितलाय.

जूनमध्ये त्याच रस्त्याने जाताना थांबलो. तळ्याला तारेची जाळी, दाराची कडी लेकराच्या हाताबाहेर, चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडलेले. काकाने एक दोर ओढून दाखवला, भक्कम खुंटीला बांधलाय. बांधापलीकडच्या शेतातलं तळं मात्र अजून उघडंच होतं, त्या मालकाचा नंबर घेतलाय, रविवारी काकाला घेऊन जाणार आहे.