ला मेरिदिएन: गडी अखेर गवतात रुतला!

मंडळी, जमलं! व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या ‘ला मेरिदिएन’ (दुपारची झोप) या चित्राची नक्कल करतेय, त्यात गवतावर एक जोडी झोपली आहे. मी टाकलेल्या मागच्या फोटोत बाई छान पालथी झोपली होती, पण शेजारचा पुरुष जमिनीपासून वीतभर वर तरंगत होता. १६ बाय २० इंची कॅनव्हास, चौकटी आखलेल्या ग्रिडवर हातपाय नेमके बसलेले, मोबाइलवर कृष्णधवल करून पाहिलं तर टोनही (फिकट-गडदपणा) जुळत होते. तरी अंगाला वजन म्हणून नाही!

अंगाखालची सावली सलग गडद केली, तर तो कापून चिकटवल्यासारखा दिसायला लागला. मग मूळ चित्र जिथे आहे त्या पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाची मोठी प्रतिमा उघडून माणसं सोडून फक्त गवत पाहत बसले. व्हिन्सेंटने ते एकेका फटकाऱ्याने अंथरलंय. म्हणजे वजन कपड्यांत शोधायचं नाही, गवतात शोधायचं. पाठ, कोपर आणि टाच जिथे दाबतात तिथे फटकाऱ्यांची दिशा अंगाकडे वळवली, चार-दोन काड्या निळ्या सदऱ्याच्या कडेवर चढू दिल्या आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) मिसळून केलेला गडद रंग तेवढ्याच तीन जागी ठेवला. गडी टेकला! त्याची टाच तर मला आता अख्ख्या चित्रात सगळ्यात आवडते.

सदऱ्याच्या ओल्या निळ्यावर काड्यांचं पिवळं नेलं की हिरवं होतं, आणि पावसाळ्यात निळा वाळता वाळत नाही. पण थांबाच. पिवळ्यासाठी खऱ्या कॅडमियमचा रंगच घ्या. ‘ह्यू’ (म्हणजे नकली छटा) लिहिलेल्या ट्यूबमधला रंग निळ्यावर झाकत नाही. सहा नंबरचा हॉगहेअर फ्लॅट (डुकराच्या राठ केसांचा चपटा ब्रश) यासाठी पुरतो, सॉफ्ट ब्रशने काड्या उठत नाहीत.

सावलीत झोपलेल्यांभोवतीही दुपार तापलेली वाटते, ती चित्रातल्या निळ्या-केशरी विरोधामुळे. फ्रान्समधल्या सेंट-रेमीत १८८९-९० च्या हिवाळ्यात हे चित्र करताना व्हिन्सेंटसमोर होता तो फ्रेंच चित्रकार मिलेच्या चित्रावरून लाव्हिए या कोरीवकाम करणाऱ्याने कोरलेला काळा-पांढरा छापा. रंग सगळे त्याचे स्वतःचे. बूट, दोन विळे आणि मागची बैलगाडी अजून बाकी आहेत, ती होतील.

पुढचा नंबर फ्रेंच चित्रकार सराच्या चित्रातल्या, आनिएरला नदीकाठावर बसलेल्या मुलाचा होता. पण लिहिता लिहिता वाटतंय, आधी मिलेचं १८६६ चं, बोस्टनच्या संग्रहालयातलं पेस्टल (रंगखडूचं चित्र) करावं. तिथे हीच जोडी डावी-उजवी उलटलेली आहे, आणि पेस्टलमध्ये काडी कडेवर चढवायला वाळायची वाट पाहावी लागत नाही. हो, तेच करते. सरा नंतर. पेस्टलसाठी खरखरीत कागद सुटा कुठे मिळतो, कोणी सांगेल का? अख्खं पॅड नकोय.