घंटाही फोनमध्येच

शनिवार, रात्र

फोनची ओढ सोडवायला ध्यान शिकणारा गट आज छान बसला होता. घंटा झाली आणि डोळे उघडायच्या आत बहुतेकांचे हात फोनकडे गेले. घंटा बंद करून अंगठा तिथेच रेंगाळला, मग स्क्रीन वर सरकवू लागला. एवढंच झालं, पण मनातून जात नाही.

कशाला शिकवायचं मग, असंही वाटून गेलं. मागच्या रांगेतले ते दोघं तर... जाऊ दे.

१९७९ साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी ध्यानाचा अभ्यासक्रम बांधला, तेव्हा समोर जुनाट दुखण्याने गांजलेली माणसं होती. आमच्याकडे ज्या फोनची ओढ सोडवायची, त्यालाच आम्ही वेळ मोजायला बसवलंय. बैठक संपली की स्क्रीन, हे एकदा ठरलं की अख्खी बैठक त्या बक्षिसाची वाट बघण्यात जाते. बक्षीसही बेभरवशाचं: कधी मेसेज असतो, कधी नसतो. दरवेळी हमखास काही आलेलं असतं, तर सवय इतकी चिवट झाली नसती. एअरप्लेन मोडने मेसेज थांबतात, हाताची वाट बदलत नाही.

म्हणून आधी साधं गजराचं घड्याळ, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. गजर बंद केल्यावर तीन श्वास जागेवरच.

पण फोन लांब ठेवून जमलं, तर जवळ असताना जमेलच असं नाही. खरा सराव फोन समोर ठेवूनच व्हायला हवा: सायलेंटवर, पालथा, हात पोचेल इतक्या अंतरावर. ओढ उठली की ती अंगात शोधायची. तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी, छातीत, घशात. व्यसनमुक्तीत मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट हेच शिकवत: ओढ लाटेसारखी चढते, माथ्यावर येते, ओसरते, तिच्याशी झगडायचं नाही आणि तिला खायलाही घालायचं नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. दात आवळतात, श्वास कोंडतात. तो झगडाच झाला, आणि मग फोन हातात आला की सुटत नाही. श्वास बदलायचा नाही, नुसता बघायचा. फारच असह्य झालं तर डोळे उघडून तळपाय जमिनीला टेकलेले जाणवू द्यायचे.

शेवटी फोन उचलायचाच. मुद्दाम, सावकाश. वजन जाणवू द्यायचं, अनलॉक करण्याआधी 'कशासाठी?' विचारायचं, तेवढं एक काम करून खाली ठेवायचा. ही पायरी गाळली की सगळा सराव नुसता उपास होतो.

आज एक जण पुटपुटल्या, "गेला बघा हात." हे आत्ता लिहिताना आठवलं. हात जाणारच होता. तो जाताना दिसला, हे याआधी कुठे होत होतं? निराशा जरा घाईचीच होती.

या आठवड्याला घरी तीन मिनिटांचाच सराव द्यावा, दिवसातून तीनदा. आधी मनात काय चाललंय ते, मग पोटाशी श्वास, मग सगळं अंग. जेवणाआधी आणि झोपण्याआधी, घंटेशिवाय. मिनिटं अंदाजाने, कमी-जास्त झाली तरी चालतील.