दोन थेंबांच्या मधली पुस्तकं

आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू या पावसाळ्यात काढले. आधी उजवा, मग तीन आठवड्यांनी डावा. ऑपरेशन म्हणजे काहीच नाही, सकाळी गेलो आणि दुपारी घरी. खरा व्याप नंतरच्या थेंबांचा. औषधं दोन, आणि एकाचा थेंब टाकला की दुसऱ्याचा टाकायच्या आधी दहा मिनिटं जाऊ द्यायची. ती दहा मिनिटं आईनं डोळे मिटून कॉटवर पडायचं आणि मी शेजारी घड्याळाकडं बघत बसायचं.

माझं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. साताऱ्यात दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात, म्हणून दुपारचा थेंब माझ्या वाटणीला. दोन दिवस नुसतं बसून काढल्यावर आई म्हणाली, "अरे, तोंडानं काहीतरी कर. पेपर तरी वाच." पेपरातल्या अपघातांना ती दोन दिवसांत कंटाळली. मग वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडलं. दहा मिनिटं अर्ध्या तासावर कधी गेली कळलं नाही. दुसरा थेंब बऱ्याचदा उशिरा पडला, हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

गेल्या दोन महिन्यांत जे वाचलं ते असं मोठ्यानं वाचलं. त्यामुळे माझी मतं जरा गडबडली आहेत.

पहिल्यांदा आपटली ती एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी. नाव घेत नाही, कारण कॉलेजात असताना मी ती चार जणांना भेट दिलेली आहे. मनात वाचताना डोळा पुढं पळतो, विशेषणं खाली सांडली तरी कळत नाही. मोठ्यानं वाचताना प्रत्येक विशेषण तोंडातून काढावं लागतं. एका पानावर तीन जणांनी मंद स्मित केलं, दोघांचे डोळे पाणावले, आणि वारा तर सारखा वाहत होता. तिसऱ्या दिवशी आई डोळे मिटूनच म्हणाली, "ह्या राजवाड्यात कुणी जेवत नाही का रे?" पुस्तक दुसऱ्या दिवशी परत केलं.

त्यानंतर विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. हे माझ्याकडं कितीतरी वर्षं पडून होतं आणि मी वीस पानांपलीकडं कधी गेलो नव्हतो. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज. मथुरेला बैजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तिथं दक्षिणा बरी मिळेल, असं ऐकून काकाबरोबर चालत निघाला, आणि निघाला तो १८५७ साली! महूच्या छावणीजवळ शिपायांकडूनच त्याला कळलं की आता काहीतरी होणार. माघारी फिरायचं सोडून गडी पुढं गेला, आणि झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा हा आत होता.

इतिहास म्हणून वाचायला घेतलं तर हे पुस्तक चिडवतं, कारण गोडसे भटजींना कुठं किती दक्षिणा मिळाली, काय जेवण होतं, कुणी कसं आदरातिथ्य केलं, हे झाशीच्या तोफांइतकंच महत्त्वाचं वाटतं. मला पूर्वी तेच खटकायचं. मोठ्यानं वाचल्यावर कळलं की पुस्तकाचा जीव तिथंच आहे. माणूस कर्ज फेडायला बाहेर पडलाय, तो पैसे मोजणारच. झाशीत लूट झाली, जवळचं द्रव्य गेलं, माणसं डोळ्यांदेखत मारली गेली, आणि हे सगळं तो त्याच सुरात सांगतो. आवाज चढत नाही. मला वाचताना मात्र दोनदा थांबून पाणी प्यावं लागलं.

काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्याला राणी भेटते ते पान आईनं दोनदा वाचून घेतलं. धुळीनं माखलेली, तहानलेली राणी. हा पाणी शेंदून द्यायला जातो, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नको, मीच ओढून घेते. आणि मग, आपण अर्ध्या शेर तांदळाची धनीण, आपल्याला हा उद्योग करायची काय गरज होती, अशा अर्थाचं बोलते. मी आवंढा गिळून थांबलो होतो. आई हिशेब करत होती. "चार शेरांची पायली. म्हणजे पायलीचा आठवा भाग. एका विधवेला दिवसाला पुष्कळ झालं." मग जरा वेळानं, "बरोबर बोलली ती."

गोडश्यांवरची तिची तक्रार एकच. हा इतकी वर्षं बाहेर, तर घरची माणसं तोवर काय खात होती, ते कुठं लिहिलंय? काशीहून गंगेची कावड खांद्यावरून वरसईपर्यंत आणली याचं मला फार कौतुक वाटलं. आईला तितकंसं नाही. तिचं माहेर गुहागरकडचं आहे आणि पुण्य मिळवायला गेलेल्या पुरुषांबद्दल तिच्या काही पक्क्या आठवणी आहेत.

जाता जाता एक सांगतो. हे पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं, तेव्हा त्यांनी मजकुरावर बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरून केलेली प्रत दत्तो वामन पोतदारांनी पुढं १९६६ साली काढली. घेणार असाल तर कोणती घेताय ते दुकानात उघडून बघा. मी आधी एक आणली, मग दुसरी, आणि एकाच प्रसंगाच्या दोन चाली ऐकून आईनं विचारलं, "हा बदलून सांगतो का तू?"

तिथून लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडं गेलो तो योगायोगानं, पण पहिल्याच प्रकरणात पुन्हा सत्तावन्न सालच. लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना बंडाच्या प्रकरणात फाशी झाली, आणि त्या धक्क्यानं त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं. सगळ्या घराचं जगणं त्या सोवळ्यापायी मुश्कील झालं. वाचताना हसू येतं, आणि हसताना मध्येच लक्षात येतं की ज्या पोरीच्या वाट्याला हे आलं तीच आपल्याला हसवतेय. आईनं आणखी एक गोष्ट पकडली, जी मला तीन वाचनांत दिसली नव्हती. माहेरी यांचं नाव मनकर्णिका, मनू, आणि लग्नानंतर लक्ष्मी. "ती झाशीवालीही मनूच ना? आणि तीही लक्ष्मीच झाली." झाली खरी.

शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं हे लिहिलंय. १९३४पासून भागाभागांनी ते बाहेर आलं. नवरा कवी, तापट, दानशूर, हातात पैसा न टिकणारा. १८९५ साली तो ख्रिस्ती झाला आणि ही पाच वर्षं त्याच्यापासून लांब राहून, रडून, भांडून, विचार करून अखेर स्वतःच्या वाटेनं तिथं पोचली. त्या पाच वर्षांवर आजकालचा एखादा लेखक तीनशे पानं घुसमट लिहील. लक्ष्मीबाई कोण काय बोललं, कुणाच्या घरी राहिले, काय शिजवलं, ते सांगतात आणि पुढं जातात. नवऱ्यावरचा राग त्यांनी कुठं लपवलेला नाही, प्रेमही नाही, आणि दोन्ही एकाच वाक्यात मावतात. मोठ्यानं वाचायला याच्यासारखं पुस्तक नाही. एकही वाक्य असं नाही की ज्याच्या मध्यावर श्वास संपतो.

मला एवढं मात्र म्हणायचंय की पहिले दोन भाग जितके पक्के आहेत तितके शेवटचे वाटले नाहीत. टिळक गेल्यानंतरचं पुस्तक सैलावतं. आईला हे मान्य नाही. तिच्या मते नवरा गेल्यावर बाईचं आयुष्य तसंच होतं, मग पुस्तक वेगळं कसं असेल. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. मी वाद घातला नाही.

'बनगरवाडी' छोटीशी, चार दुपारींत संपली. १९५५ सालची ही कादंबरी मी नववीत असताना वाचलेली आणि 'धनगरांच्या वाडीवर मास्तर जातो' एवढीच लक्षात होती. व्यंकटेश माडगूळकर काय करतात तर काहीच करत नाहीत असं वाटतं. शेकूचा एक बैल कमी, म्हणून त्याची बायको जुवाखाली मान देते, आणि मास्तर ते बघतो. त्यावर कुणी उसासा टाकत नाही. गावकऱ्यांनी तालीम बांधली, राजेसाहेब येऊन गेले, सगळं छान चाललंय असं वाटतं तोवर पाऊस दगा देतो आणि वाडी रिकामी होते. शेवटची पानं वाचताना बाहेर साताऱ्याचा पाऊस पत्र्यावर इतका बडवत होता की मला ओरडून वाचावं लागलं. दुष्काळ ओरडून वाचायचा म्हणजे कसंतरीच वाटतं.

आता भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी 'कोसला'. याच्यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

विसाव्या वर्षी 'कोसला' ही माझी पोथी होती. हॉस्टेलवर आम्ही सगळे तिच्यातल्या पांडुरंग सांगवीकरासारखं बोलायचो, प्रत्येक वाक्याला वगैरे लावायचो. म्हणून आईला ती वाचून दाखवायची मला हौस होती. तोंडानं वाचायला ती झकास आहे, लेखणीपेक्षा जिभेनंच लिहिल्यासारखी. आईला पांडुरंग अजिबात आवडला नाही. "बापाच्या पैशावर पुण्यात राहतो आणि वर बापालाच नावं ठेवतो." मी पन्नाशीला आलोय, माझा मुलगा पुण्यात शिकतो, त्याच्या मेसचं बिल मी भरतो. तिचं वाक्य ऐकल्यावर मला पहिल्यांदा पांडुरंगाच्या वडिलांची बाजू दिसली, आणि ती बरीच भक्कम आहे. तरीही पुस्तक पडलं नाही. पांडुरंग चुकतोय हे पुस्तकालाही ठाऊक आहे, एवढं आता कळलं.

वाचताना मी काही जागा गाळल्या. हॉस्टेलातल्या गप्पांच्या काही ओळी आईसमोर तोंडातून निघेनात, या वयातही. पण गाळायची खरी जागा पुढं होती. पांडुरंगाची धाकटी बहीण, मनी, जाते. ज्यांनी वाचलंय त्यांना ती पानं माहीत आहेत. आईची एक धाकटी बहीण लहानपणी गेली. घरात तिचं नाव सहसा निघत नाही, मीही ते मोजून तीन-चार वेळा ऐकलं असेल. मी आदल्या रात्री ती पानं चाळून ठेवली होती. दुपारी तिथं आल्यावर मुकाट्यानं पुढचं वाचायला लागलो.

डोळे मिटलेल्या माणसाला पानांचा आवाज जास्त ऐकू येतो. "एवढी पानं एकदम?" तिनं विचारलं. मी म्हटलं, चिकटली होती. दुसरा थेंब टाकला आणि दुकानात गेलो.

मागच्या आठवड्यात तिचा नवा चष्मा आला. पहिले दोन दिवस तिनं औषधाच्या खोक्यांवरच्या किमती वाचल्या. मग म्हणाली, ते वगैरे-वगैरेवालं पुस्तक आण. परत केलं म्हणून सांगितलं, तर म्हणाली, पुन्हा आण, वर्गणी भरतोस ना. आणलं. काल दुपारी जेवून उठलो तेव्हा ती कॉटवर भिंतीला टेकून वाचत होती. थेंबांच्या बाटलीचं खोकं फाडून त्याची खूण करून ठेवली होती, अर्ध्याच्या जरा पुढं. मी विचारलं, कुठवर आलीस? मान वर न करता तिनं हातानंच थांब म्हटलं. चार वाजायला आले होते. किल्ल्या घेतल्या आणि दार हळू ओढून घेतलं.